गव्हाणीतलं लव्हेंडर

मंदाकिनीबाईंना कुणाचा हेवा वाटला, तरी त्या त्याला हेवा म्हणायच्या नाहीत. "मला आपलं खटकलं," म्हणायच्या. शेजारच्या प्राचीनं अंगणात नवा झोपाळा टांगला, खटकलं. भावजय काशीला जाऊन आली, खटकलं. आणि मुलाचं, पुष्करचं, लग्न झाल्यापासून त्यांना उठता-बसता खटकायची ती एकच बाई. वरकुट्याची विहीण, कुशाबाई.

त्या बाईत खटकण्यासारखं काय आहे, हे नीळकंठरावांना कधीच कळलं नाही. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. कालव्याच्या कुठल्या चारीला किती पाणी सुटतं हे त्यांना झोपेतही सांगता यायचं, पण बायकोच्या मनात कुठून काय वाहतं याचा त्यांनी आयुष्यात शोध घेतला नव्हता. सुखी माणूस.

मंदाकिनीबाईंचं माहेर निरेच्या डाव्या कालव्यावरचं. बारमाही बागायत, दारापर्यंत ऊस. या भागात सोयरीक जुळवताना मुलीच्या रंगरूपाच्याही आधी विचारतात, बागायत किती आणि जिरायत किती. व्याही जोतीरामरावांची वरकुट्याची जमीन बरीचशी माळाची, मुरमाड. पण पुष्करनं पुण्याच्या कंपनीतच पोरगी पसंत केली आणि घरी येऊन नुसतं सांगितलं, त्यामुळं हा प्रश्न विचारायची संधीच बाईंना मिळाली नाही. तो न विचारलेला प्रश्न त्यांच्या घशात अडकून राहिला होता. कुशाबाई समोर आल्या, मोठ्यानं हसल्या, टाळी मागितली, की बाईंना मनात वाटायचं, माळावरची माणसं, दुसरं काय.

सून मात्र सोन्यासारखी होती. स्वरूपा. मंदाकिनीबाईंना पोटची मुलगी नव्हती, आणि ही घरात आली तेव्हा त्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं की ही आता माझी. पण पोरगी काही तशी पूर्ण हाती लागेना. सासूला फोन केला की "आई, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का," असं अगदी नीट बोलायची. आणि घरी आली असताना आईला फोन लावला की स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन तासभर खिदळायची. दाराबाहेर उभं राहून मंदाकिनीबाईंनी ते हसणं कितीदा ऐकलं होतं. असलं हसणं त्यांच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

स्वरूपाला दिवस गेले आणि बाईंचा जीव सुपाएवढा झाला. त्याच आनंदात एक हिशेबही त्यांच्या लक्षात आला. पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हणजे दवाखाना इंदापूरचा, शेक-शेगडी कुशाबाईंची, बाळाला पहिली अंघोळ कुशाबाईंची, बारसंसुद्धा तिकडंच. मग सासूच्या वाट्याला काय? एक डोहाळजेवण. तेवढा एक दिवस सून त्यांच्या दारात हिरव्या साडीत, फुलांनी मढून बसणार आणि चार माणसं म्हणणार, मंदाताईंची सून. तो दिवस त्यांना कुणाशीही वाटून घ्यायचा नव्हता.

दिवाळीत स्वरूपा भाऊबीज करून वरकुट्याहून बारामतीला सासरी आली, तेव्हा तिच्या ओढणीच्या टोकाला कसलीतरी जांभळी कणसं बांधलेली होती. ती सारखी नाकाशी धरत होती.

"आई, मोगरा नको, निशिगंध नको. वासानंच मळमळतं मला. एवढं लव्हेंडर काय ते सोसतं. माझी वाडी याचीच कराल का? आयेच्या दारात गव्हाणीत खूप आहे, ती पाठवेल."

वाडी म्हणजे डोहाळजेवणाला गर्भारणीच्या अंगावर घालतात ते फुलांचे दागिने. मुकुट, कानातलं, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं.

"तुझ्या आईकडं लव्हेंडर कुठून आलं?" बाईंनी विचारलं.

"मीच लावलंय. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो ना, तिथून रोपं आणली होती. गाया विकल्यापासून आयेच्या दारातली सिमेंटची गव्हाण रिकामीच पडली होती. विहिरीचा मुरूम भरला होता तिच्यात. दिली खोचून."

मंदाकिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नानंतर आणलेली रोपं. नवऱ्याबरोबर जाऊन आणलेली. आणि लावली कुठं, तर माहेरी, गायीच्या गव्हाणीत! त्यांच्या बंगल्याभोवती एवढी जागा होती, बोअरला बारा महिने पाणी होतं, पण पोरीच्या हातांना ते घर आठवलं नाही.

"वरकुट्याहून काही मागवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या दारात काय कमी आहे? वाडीची फुलं मी इथंच फुलवते."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नीळकंठरावांना गाडी काढायला लावली आणि भिगवण रस्त्यावरची एक रोपवाटिका गाठली. तिथला माणूस हौशी होता. त्यानं त्यांना एका जाळीखाली नेलं आणि एकेक कुंडी उचलून दाखवायला सुरुवात केली.

"हे बघा, हे कातरलेल्या पानाचं. फ्रेंच म्हणतात. वास थोडा कापराच्या अंगानं जातो, पण आपल्या हवेत हेच निभावतं. हे स्पॅनिश, याच्या कणसावर सशाच्या कानांसारख्या दोन पाकळ्या उभ्या राहतात, दिसायला गोड. हे बारीक चिरलेल्या पानाचं, याला ऊन कितीही चालतं, वास मात्र यथातथाच. आणि हे इंग्लिश. वासात याचा हात कुणी धरणार नाही. पण थंड हवेचं झाड. नखरे फार."

मंदाकिनीबाईंनी मोबाइलमधला फोटो त्याच्यासमोर धरला. गव्हाणीपुढं उभ्या स्वरूपाचा. "यातलं कोणतं आहे?"

"हे? फ्रेंच."

"मग ते सोडून बोला."

नीळकंठराव मागून म्हणाले, "अगं, पोरीला तोच वास सोसतो म्हणते ना? मग तेच घे की."

"तेच घेतलं तर लोक म्हणतील, विहिणीचं बघून लावलं."

"कुठले लोक?"

बाईंनी त्यांच्याकडं पाठ केली आणि इंग्लिशची रोपं निवडायला घेतली. त्यातही निळी गर्द जात निवडली, म्हणजे कुशाबाईंची फिकट दिसतील. शोभेला दोनचार स्पॅनिश घेतली. रोपवाल्यानं कुंड्या गाडीत ठेवता ठेवता दोनदा बजावलं, पाणी जपून, माती हलकी, खडी टाका. बाईंनी मान डोलावली. कालव्यावरच्या माणसाला पाण्याचं कुणी शिकवायचं नसतं.

संध्याकाळी कुशाबाईंचा फोन आला. लेकीकडून बातमी गेलीच होती.

"विहीणबाई, तुमी लव्हेंडर आनलं म्हनं! लई ग्वाड झालं बगा. फकस्त येक सांगते, त्येला पानी घालत बसू नगा. आमी तर इसरूनच गेलो व्हतो, म्हनून जगलं त्ये."

मंदाकिनीबाईंनी फोन ठेवला. पाणी घालू नका! झाडाला पाणी घालू नका! स्वतःचं फुलावं आणि माझं वाळून कोळ व्हावं, म्हणून हा सल्ला. वरून गोड बोलायचं. त्यांना त्या गोड बोलण्याचाच जास्त राग आला. आणि विसरून जगलं म्हणे. ज्याच्यासाठी त्यांनी दिवसभर जिवाचं रान केलं, ते या बाईला विसरूनसुद्धा मिळतं, हे कसं सोसायचं?

मग त्यांनी बागायतदाराच्या लेकीला शोभेल असंच सगळं केलं. माहेरच्या मळ्यातून ट्रॉलीभर काळी माती आणवली. शेणखत मिसळलं. प्रत्येक रोपाला उसाला शोभावं असं ऐसपैस आळं केलं आणि सकाळ-संध्याकाळ ते काठोकाठ भरलं. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा चिमूटभर युरिया टाकला, कारण पिवळं पडलं की युरिया, हे त्यांच्या माहेरी पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. युरिया टाकल्यावर पुन्हा पाणी दिलं.

पौष लागेपर्यंत सगळं संपलं. आधी इंग्लिश गेलं, मग स्पॅनिशचे कान खाली लोंबले. त्यांनी एक रोप ओढलं तर ते हातात अलगद आलं. मुळं काळी पडून गळली होती आणि त्यांना गटाराचा वास येत होता. कुणाला दिसू नये म्हणून सगळी रोपं त्यांनी एका गोणीत भरून टाकली. स्वरूपाला फोनवर एवढंच म्हणाल्या, "हवा मानवली नाही गं त्यांना."

संक्रांत झाल्यावर डोहाळजेवणाचं बोलावणं करायला दोघं वरकुट्याला निघाली. विहिणीला आमंत्रण फोनवर देत नाहीत, कुंकू लावून द्यावं लागतं. वाटेतलं अंथुर्णं गाव मागं पडलं तसा ऊस विरळ होत गेला, डाळिंबाच्या बागा आणि उघडा माळ दिसायला लागला. एरवी तो माळ बघून मंदाकिनीबाईंना बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

गाडीतून उतरताच त्यांची नजर गव्हाणीवर गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कातरलेल्या पानांची दाट झुडपं होती आणि त्यांच्यावर कणसंच कणसं. काही जांभळी झालेली, बरीचशी अजून मुकी. वाऱ्यानं तो कापरासारखा वास अंगणभर फिरत होता. एका बाजूला कोंबड्या उकरत होत्या, झाडांच्या बुडाशी दगडगोटे पडले होते, एक फुटकी बादलीसुद्धा तशीच होती. कुणी निगा राखल्याचं कसलंही चिन्ह नव्हतं. मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कौतुकाचं आहे असं कुशाबाईंना वाटलं.

"पंधरा दिसांनी बगा, समदं फुलून येतंय," कुशाबाई म्हणाल्या.

"तोडली नाहीत अजून?"

"हात लावू देत न्हाय कुनाला. लागत्यात की कार्याला!"

कार्य कुणाचं, हे कुशाबाईंनी सांगितलं नाही आणि मंदाकिनीबाईंनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? सासरचं झालं की माहेरचं डोहाळजेवण होणारच. म्हणजे बारामतीत स्वरूपा दुकानातली बिनवासाची फुलं घालून बसणार, आणि आठ दिवसांनी इथं या माळावर नखशिखांत लव्हेंडरनं मढणार. फोटो दोन्हीकडचे निघणार. शेजारी शेजारी ठेवून बघणार लोक. आणि पोरगी हसणार कुठल्या फोटोत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चहा झाला. जोतीरामराव व्याह्यांना शेततळं दाखवायला घेऊन गेले. कुशाबाई भजी तळायला आत गेल्या आणि आतूनच ओरडून सांगायला लागल्या की उद्यापासून त्या लेकीकडं पुण्याला चालल्यात, आठवडाभर, पोरीला खावंसं वाटतं ते करून घालायला. हेही मंदाकिनीबाईंना नव्यानंच कळत होतं. सासूला कुणी बोलावलं नव्हतं.

त्या उठल्या. गव्हाणीशेजारून लिंबाच्या झाडाला ठिबकची नळी गेली होती. त्यांनी नळी उचलून झुडपांच्या बुडाशी घातली, मातीखाली सारली आणि चावी फिरवली. पाणी घालण्यात कसलं आलंय पाप? तहानलेली दिसली, घातलं. पण गव्हाणीच्या एका टोकाला, तळाशी, पूर्वी धुताना पाणी जायला ठेवलेलं एक भोक होतं. थोड्याच वेळात तिथून थेंब पडायला लागले. मंदाकिनीबाईंनी ते थेंब बघितले, मागं स्वयंपाकघराकडं बघितलं, खाली वाकल्या, ओल्या मातीचा एक गोळा केला आणि त्या भोकात अंगठ्यानं घट्ट दाबून बसवला. पाण्याला पाप नाही असं म्हणता येत होतं. त्या गोळ्याला काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नाही.

"विहीणबाई, हात कशानं भरलं?" कुशाबाई भज्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या.

"झाडांना जरा माती लावली."

"व्हय का! किती करता ओ तुमी." त्यांनी ताटली ठेवली आणि स्वतः तांब्यानं विहिणीच्या हातावर पाणी घातलं.

परतताना मंदाकिनीबाईंना हलकं वाटलं, अगदी अंथुर्ण्यापर्यंत. पुढं नीळकंठराव म्हणाले, "साधी माणसं आहेत गं," आणि मंदाकिनीबाई नखांत राहिलेली माती कोरत बसल्या.

दहाएक दिवसांनी स्वरूपाचा फोन आला. ती रडत होती. "आई, आयेचं लव्हेंडर गेलं. कुजलं सगळं. बाबांनी ठिबक चालू ठेवलं आणि लक्षच दिलं नाही. मी इतकी बोलले त्यांना." बिचारे जोतीरामराव, लेकीची बोलणी खाऊन गप्प बसले होते. मंदाकिनीबाई "अरेरे" म्हणाल्या. चांगलं दोनदा म्हणाल्या. फोन ठेवला आणि बारामतीतल्या फुलवाल्याला बिनवासाच्या फुलांची वाडी सांगून टाकली. आता दोन्हीकडचे फोटो सारखे होणार होते. पण मनाच्या ज्या थंडाव्याची वाट बघितली होती, तो काही आला नाही. कानात पोरीचं रडणंच राहिलं.

डोहाळजेवणाच्या दिवशी अंगणात मांडव होता. प्राचीनं तिचा झोपाळा आणून दिला होता, तो फुलांनी सजवला होता. बायका जमत होत्या. वरकुट्याची गाडी आली. कुशाबाई ओटीचं ताट घेऊन उतरल्या, लेकीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि मग मंदाकिनीबाईंच्या दंडाला धरून त्यांना सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार लोटलं. पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. झाकण उघडताच कापरासारखा वास आला. ओल्या फडक्यात जांभळी कणसं नीट निजवलेली होती, जेमतेम ओंजळभर.

"गव्हाणीच्या उचट अंगाला दोन झाडं व्हती, तितवर पानी चढलं न्हाय. समदी वाडी न्हाय हुनार, पन कानातलं आन् बाजूबंद हुतंय. मी ववून आनलंय."

"मला कशाला? तुमच्या कार्याला ठेवा की," मंदाकिनीबाई कशाबशा म्हणाल्या.

"आमचं कुठलं कार्य? आमी घरच्या घरी वटी भरनार. समदी तुमच्यासाठीच राखली व्हती ओ. तुमची रोपं गेली म्हनून पोरीनं सांगितलं, तवाच ठरवलं. आधी बोलले असते, तर तुमी नगं म्हनल्या असत्या."

बाहेर कुणीतरी डोहाळ्याचं गाणं म्हणायला सुरुवात केली होती.

कुशाबाईंनी डब्याचं झाकण उगाच पुसलं. आवाज खाली आणला. "चिकलाचा बोळा मी काढला. पन उशीर झाला व्हता."

नाही म्हणावं, रागवावं, पाय धरावेत, यातलं काहीच मंदाकिनीबाईंना जमेना.

"ह्यांनी पोरीची बोलनी खाल्ली, मी खाऊ दिली," कुशाबाई म्हणाल्या. "आन् ह्ये आयका. तुमचं येक रोप जगलं, त्याचीच ही फुलं, असं पोरीला सांगितलंय मी. तवा तुमीबी तसंच बोला. तिला दोन्ही घरं लागत्यात. चला आता, मान तुमचा, तुमीच घाला तिच्या अंगावर."

बाहेर झोपाळ्यावर स्वरूपा हिरव्या साडीत बसली होती, दुकानच्या पांढऱ्या फुलांत जरा अवघडून. मंदाकिनीबाईंनी तिच्या कानांत जांभळी कणसं अडकवली, दंडाला बाजूबंद बांधला. स्वरूपानं डोळे मिटून खोल श्वास घेतला, आणि मग ती हसली. दाराबाहेर उभं राहून कितीदा तरी ऐकलेलं ते हसणं होतं.

"आई! तुमचं जगलं तर! माझ्यासाठी किती खटपट केलीत तुम्ही," असं म्हणत तिनं सासूच्या कमरेला मिठी मारली आणि तोंड त्यांच्या पदरात खुपसलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. मंदाकिनीबाईंनी मान वर केली. कुशाबाई कडेच्या खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या आणि शेजारच्या बाईला टाळी देऊन कशावर तरी खदखदून हसत होत्या. तोंडावर राग नव्हता, उपकाराचा तोराही नव्हता. शोधून शोधून बघितलं तरी नव्हता. मंदाकिनीबाईंना लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण तिच्याही वर काहीतरी उसळून आलं. ज्या मनाला असं देऊन टाकून लगेच हसता येतं, ते मन त्यांना हवं होतं. ते कुठल्या रोपवाटिकेत मिळत नव्हतं आणि कितीही पाणी घातलं तरी त्यांच्या दारात येणार नव्हतं. सून त्यांच्या मिठीत होती, फुलं त्यांच्या नावावर होती, आणि भरल्या मांडवात त्या कुशाबाईंवर जळत होत्या. हे खटकणं नव्हतं, हा हेवाच होता, हे त्यांना पहिल्यांदाच स्वतःशी म्हणावं लागलं.

"बोला ना काहीतरी, आई," स्वरूपा पदरातून म्हणाली.

मंदाकिनीबाई तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिल्या.